सहा दातांतली चांदी

लिफ्टचं दार उघडलं, आतून थिनरचा वास आला आणि सुगतनं राणीचं मनगट धरून तिला मागं ओढलं. किती जोरानं ओढतोय हे त्याला ओढताना कळलं नाही. तिची काठी सुटून फरशीवर आपटली. तिचा डावा पाय सकाळच्या वेळी तसाही तिचं जरा उशिरानंच ऐकायचा, तो जागच्या जागी वळला, आणि तोल सावरायला तिनं लिफ्टच्या चौकटीवर हात टेकला. चौकटीचा ऑइलपेंट अजून ओला होता. तोआ पायोह वस्तीतला त्यांचा जुना ब्लॉक कित्येक वर्षांनी रंगवला जात होता आणि रंगारी कालपासून नवव्या मजल्यावर होते. तिनं हात काढला तेव्हा सगळा तळवा पिस्ता रंगाचा झाला होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"वास येतोय."

"मग? रंग देतायत. तीन दिवस झाले देतायत."

"पुढच्या लिफ्टनं जाऊ."

"पुढच्या लिफ्टला काय अत्तर लावलंय?" असं म्हणून ती हसली, पण हसतानाच त्याच्या तोंडाकडं बघून थांबली. मग तिनं वाकून काठी उचलली. वाकायला तिला वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ सुगत नुसता उभा राहिला. आपण वाकलं पाहिजे, काठी आपण उचलून दिली पाहिजे, हे त्याला दिसत होतं. हात मात्र अंगाला चिकटल्यासारखे झाले होते. ती लिफ्टमध्ये गेली. रंग लागलेला तळवा अंगापासून लांब धरून तिनं दुसऱ्या हाताच्या कोपरानं बटण दाबलं. दार लागलं.

तो जिन्यानं निघाला. नऊ मजले उतरायचे होते आणि जिन्यातही तोच वास भरला होता. रुमाल नाकाला लावावा असं त्याला वाटलं नाही. उलट त्यानं मुद्दाम श्वास आत घेतला. सतरा वर्षांपूर्वी, इथं परदेशात येण्याआधी, तो हाच वास अंगावर घेऊन रोज घरी जात असे. पुण्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये शाम्पूच्या, तेलाच्या बाटल्यांवर नावं छापायचा छोटा कारखाना होता, आणि तिथं बीएस्सी झालेला सुगत छपाईच्या जाळ्या थिनरनं पुसायचा. हातमोजे नव्हते, मागावेत असं कुणाला सुचतही नव्हतं. फडकं बुडवायचं, पिळायचं, जाळीवरून फिरवायचं. मग सायकलवरून दापोडीच्या एका खोलीत यायचं, शर्ट काढून खुंटीला टांगायचा. खुंटी राणीच्या उशाशी होती, कारण खोलीत दुसरीकडं भिंतच मोकळी नव्हती. लग्नाला तेव्हा चार महिने झालेले. ती सकाळी तो शर्ट बादलीत भिजवायची, हातानं घासायची, आणि कधीकधी बादलीत टाकण्याआधी नाकाशी धरून म्हणायची, "तुझा वास." एकदा तो तीन दिवस गावी गेला होता, तेव्हा तिनं एक शर्ट धुतलाच नव्हता. हे तिनं त्याला लाजत सांगितलं होतं. ही आठवण पुष्कळ वर्षं त्याच्याजवळ अगदी सुखाची म्हणून होती. आता ती चालून आली की कशाला तरी धरून उभं राहावं लागे, तसा तो आत्ता सहाव्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये कठडा धरून उभा राहिला.

तळमजल्यावर, खांबांच्या मोकळ्या जागेत तो पोचला तेव्हा राणी तिथल्या दगडी बाकावर बसलेली होती आणि एक म्हातारा बांगलादेशी रंगारी तिच्यासमोर उकिडवा बसून तिचा तळवा थिनरच्या बोळ्यानं पुसत होता. "साबुन से नहीं जाएगा मॅडम," तो सांगत होता, "साबुन से और पक्का बैठ जाएगा." राणी मान हलवत होती. बोटांच्या बेचक्यांतून तो हळूहळू बोळा फिरवत होता, फार काळजीनं, जसं एखाद्या लहान मुलाचं खरकटं पुसावं. सुगत तीरासारखा गेला आणि त्यानं त्या माणसाच्या हातातला बोळा हिसकावून लांब फेकला. रंगारी दचकून मागं सरकला. दोन्ही हात वर करून "सॉरी सर, सॉरी सर" म्हणाला. त्याला आपली चूक काय झाली हे कळलेलं नव्हतं. एवढंच कळलं होतं, की एका बाईचा हात हातात घेतला म्हणून हा साहेब भडकलाय. राणी उठली. आधी ती चार पावलं चालत गेली, बोळा उचलला, त्या माणसाच्या हातात दिला आणि म्हणाली, "शुक्रिया चाचा. इनकी तबीयत ठीक नहीं है आज." मग सुगतकडं वळून म्हणाली, "माझी बस आलीये. संध्याकाळी ग्रंथालयासमोर भेट. सहाला. घरी नको, अनुया असते."

वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत सुगतचं काम औषधांतली अशुद्धी मोजण्याचं होतं. अब्जात एक भाग, दोन भाग, असले आकडे तो दिवसभर बघायचा, आणि मात्रेशिवाय विष या शब्दाला अर्थ नाही, हे तो नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायचा. त्या दिवशी यंत्रासमोर बसून तो आकडे बघत होता, पण आकड्यांमागून राणीचा पिस्ता तळवा येत होता. पाच वर्षांपूर्वी असाच एक रंग बिघडला होता. मेट्रोच्या डब्यात उभ्या उभ्या, दारावरच्या नकाशाकडं बघत ती म्हणाली होती, "ही आपली लाल लाइन विटकी का दिसतेय? नवीन छापली का?" मग तिनं एक डोळा झाकला, मग दुसरा. "उजव्यानं लाल आहे. डाव्यानं विटकी आहे." तिनं हे एखादी गंमत सांगावी तसं सांगितलं होतं. त्यानंतर स्कॅन, कण्यातलं पाणी, पुन्हा स्कॅन, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव: शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंचं आवरण कुरतडतं तो आजार. न्यूरॉलॉजिस्ट बाई शांत होत्या. विषुववृत्ताजवळच्या देशांत हा आजार कमी दिसतो, त्या म्हणाल्या होत्या. का होतो? काही अंशी जनुकं, एका विषाणूकडं आता बरंच बोट दाखवलं जातंय, ऊन, धूम्रपान, आणखी काही. "सॉल्व्हंट्स? थिनरसारखी?" सुगतनं विचारलं होतं. आपला आवाज इतका साधा कसा निघाला याचं त्याला अजूनही नवल वाटतं. बाई म्हणाल्या होत्या, "काही अभ्यासांत थोडा संबंध दिसतो, काहींत अजिबात दिसत नाही. आणि दिसला तरी एका माणसाबद्दल तो काहीच सांगत नाही." राणीनं तेव्हा त्याच्याकडं पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं होतं, "मी इमारतींचे नकाशे काढायचं काम करते, माऊस उजव्या हातानं धरते. उजवा हात किती वर्षं राहील?"

त्यानंतरची पाच वर्षं तो वाचत होता. वाचण्याची त्याची एक रीत होऊन गेली होती. ज्या निबंधात सॉल्व्हंट आणि या आजाराचा संबंध लागला, तो निबंध तो तीनदा वाचायचा. ज्यात लागला नाही, त्यात तो खोट शोधायचा: माणसं कमी घेतली, प्रश्न नीट विचारले नाहीत, घरच्यांना मोजलंच नाही. दुसऱ्या कुणी असं वाचलं असतं तर त्यानं त्याला आपल्या हाताखाली ठेवलं नसतं. आणि मग फेब्रुवारीत प्रबोधनं कॉफीच्या यंत्राजवळ त्याला विचारलं होतं, "अरे सुगत, वहिनींच्या दातांत चांदी भरलीये का रे?" प्रबोध त्याच मजल्यावरचा, पुण्याचा, मोठ्या टीमचा मॅनेजर, मनानं सरळ. त्याच्या मेहुणीनं म्हणे दातांतली चांदी काढून घेतली आणि तिची डोकेदुखी गेली. त्या चांदीत निम्मा पारा असतो, तो झिरपतो, मज्जातंतू खातो. फेरीबोटीनं तासाभरावर असलेल्या एका बेटावर एक दवाखाना होता, तिथले लोक हेच करतात. सुगतला यातलं सगळं माहीत होतं. पाऱ्याचा आणि या आजाराचा संबंध दाखवणारं काही धड हाती लागलेलं नाही, हेही माहीत होतं. पण राणीच्या सहा दाढांत चांदी होती. तेरा वर्षांची असताना परभणीच्या सरकारी दवाखान्यात भरलेली. म्हणजे दापोडीच्या आधी, सुगतच्या आधी. त्या दिवशी घरी जाताना त्याला इतकं हलकं वाटलं, की त्यानं एक स्टेशन आधी उतरून चालत घर गाठलं आणि अनुयासाठी आइस्क्रीम नेलं.

पुढं जे झालं ते त्यानं जाणूनबुजून केलं. राणीच्या कंगव्यातले केस एका कुपीत घालून त्यानं प्रयोगशाळेत नेले आणि सुट्टीच्या दिवशी यंत्रावर लावले. पारा अगदी सर्वसाधारण निघाला. त्यानं स्वतःला सांगितलं, केसांत फक्त माशांतला पारा दिसतो, दातांतला दिसत नाही. यात थोडं तथ्य होतं. तेवढं थोडं त्याला पुरलं. दवाखान्यानं सांगितलं होतं, सहाही दाढा एका दिवसात, आणि त्यानंतर तीन महिने शरीर धुऊन निघेपर्यंत दुसरं कुठलंही औषध नको. राणीला सहा महिन्यांतून एकदा सलाइनमधून जे औषध दिलं जायचं, ज्याच्यामुळं गेल्या तीन वर्षांत तिच्या मेंदूवर एकही नवा डाग आला नव्हता, ते पुढच्या बुधवारी होतं. ते पुढं ढकलावं लागणार होतं. तिनं जेवताना एकदाच विचारलं होतं, "तुला खात्री आहे? तुझा विषय आहे म्हणून विचारते." आणि तो म्हणाला होता, "आहे." शनिवारची फेरीची तिकिटं काढून झाली होती.

ग्रंथालयासमोरच्या चौकात संध्याकाळी म्हातारी माणसं पंख्यानं वारा घेत बसतात. त्यांच्यातच एका बाकावर राणी बसली होती. काठी मांडीवर आडवी. सुगत शेजारी बसला तशी ती म्हणाली, "मी दिवसभर विचार केला. तू त्या माणसावर रागावला नव्हतास. घाबरला होतास. कशाला?"

त्यानं सांगितलं. आधी शेड, मग थिनर, मग खुंटीवरचा शर्ट. सांगताना त्याला वाटत होतं, एकदा सुरुवात झाली की रडू येईल; पण आलं नाही. आवाज कोरडाच राहिला, मीटिंगमध्ये राहतो तसा. निबंधांचं सांगितलं. राणी नखाच्या कडेला राहिलेला रंग खरवडत ऐकत होती. चांदीचं सांगितलं. केसांचं सांगितलं तेव्हा तिनं मान वर केली.

"किती निघाला?"

"काय?"

"पारा. माझ्या केसांत."

"नॉर्मल. प्रबोधच्या केसांत तुझ्यापेक्षा जास्त निघेल. तो मासे फार खातो."

"आणि तरी शनिवारची वेळ ठेवली."

"हो."

तिनं समोर पाहिलं. समोर एक आजी नातवाला पाठीवर घेऊन कबुतरं हाकलत होती. मग राणी म्हणाली, "तुम्हाला झोप लागावी म्हणून माझे सहा दात कोरणार होतात तुम्ही. आणि औषध बंद करणार होतात."

रागावली की ती तुम्हीवर यायची. वडीलधाऱ्यांसमोर ती त्याला अहो म्हणे, घरात तू; आणि हे तिसरं, थंड तुम्ही, सतरा वर्षांत त्यानं चारपाचदाच ऐकलं होतं. त्याला वाटलं, ती आणखी बोलेल. ती उठली आणि चालू लागली; तो मागोमाग निघाला. एका दुकानाच्या काचेसमोर थांबून तिनं दवाखान्याला फोन लावला आणि स्वच्छ इंग्रजीत वेळ रद्द केली. पलीकडून का म्हणून विचारलं असावं; ती म्हणाली, "माझे दात चांगले आहेत."

पुढचे तीन दिवस घरात तुम्ही चाललं. तुम्ही जेवलात का, तुमचा डबा ठेवलाय, तुमचा फोन वाजतोय. तेरा वर्षांची अनुया शुक्रवारी त्याच्याजवळ येऊन कुजबुजली, "बाबा, व्हाय इज आई कॉलिंग यू तुम्ही? सो स्केअरी लाह." सुगतला हसू आलं. त्या तीन दिवसांत त्यानं राणीला नीट पाहिलं. पाच वर्षं तो तिच्याकडं बघत होता खरा. पण ते पुरावा बघण्यासारखं होतं. पाय किती घसटतोय, पेला धरताना बोट किती थरथरतंय, प्रत्येक गोष्ट त्याच्या अंगावर कलम लागल्यासारखी यायची. आता त्याला दिसलं, की ती ब्लाउजची बटणं एका हातानं लावायला शिकलीये आणि ती कला अनुयाला शिकवतेय. आंघोळीच्या आधी ती दोन मिनिटं थंड पाणी मनगटांवर सोडते, म्हणजे उकाड्यानं डोळा अंधारत नाही. कामावरून आली की वीस मिनिटं जमिनीवर आडवी पडते आणि त्या वेळात ऑफिसचा फोन आला तर आडव्यानंच, तुळईत सळ्या किती टाकायच्या हे ठणकावून सांगते. हे सगळं तिनं कधी, कुणाला विचारून उभं केलं? तो शेजारच्या खोलीत निबंध वाचत होता.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "अनुया आणि मी पुलाउ उबीन बेटावर फिरायला चाललोय. त्या फेरीबोटीसाठी दिवस मोकळा ठेवलाच आहे. यायचं असेल तर या. पण मला धरायचं नाही."

बंबोट, बेटावर नेणारी छोटी लाकडी मोटारबोट, धक्क्याला लागून वरखाली होत होती. काठ गुडघाभर उंच. सुगतचा हात आपोआप पुढं झाला आणि त्यानं तो मागं घेऊन खिशात घातला. राणीनं काठी आधी आत टाकली. मग ती सरळ बोटीच्या काठावर बसली, दोन्ही हातांनी डावी मांडी धरली आणि एखादी पिशवी उचलून ठेवावी तसा पाय उचलून आत ठेवला. मग उजवा. मागं रांगेत सायकलवाली तरुण मुलं थांबली होती. तिनं घाई केली नाही, कुणाची माफीही मागितली नाही. आत बसल्यावर तिनं वळून नावाड्याला अंगठा दाखवला आणि तो म्हातारा चिनी माणूस मोठ्यानं हसला. सुगतला वाटलं, आपण हिला कधीपासून ओळखतो? बोट सुटली, इंजिनाचा धूर तोंडावर आला, डिझेलचा वास आला, आणि तिच्याऐवजी तोच दचकला. तिनं ते पाहिलं.

बेटावर अनुया सायकल घेऊन निघून गेली. ती दोघं एका जुन्या लाकडी घरासमोरच्या ओट्यावर शहाळी घेऊन बसली. झाडांत कोंबड्या चरत होत्या. अर्धं शहाळं पिऊन राणी बोलली.

"आमच्याकडं इमारतीला भेग पडली की आधी काय करतात, माहितीये? टेकू देतात. माणसं आत राहत असतात ना. मग चौकशी. चौकशी वर्षवर्ष चालते. शेवटी अहवालात चार कारणं येतात, कधी एकही नक्की येत नाही. पण चौकशी चाललीये म्हणून टेकू कुणी काढत नाही. तू टेकू काढायला निघाला होतास."

त्यानं फक्त तेवढा तू ऐकला.

"माझ्यामुळं झालं असलं तर?" तो म्हणाला.

"असेल. नसेलही. तुझे पेपर काय म्हणतात?"

"एका माणसाचं सांगता येत नाही."

"मग तूही सांगू नकोस." ती थोडी थांबली. "आणि तू रोज आठ तास त्यात हात घालून होतास. तुला नाही झालं, आणि मला शर्टावरून झालं?"

"ते तसं नसतं राणी. जनुकं असतात. एखाद्याला थोड्यानंही..."

"बघ. मी तुला सोडवायला गेले की तू लगेच स्वतःच्या विरुद्ध वकील उभा करतोस." आता ती हसली, पण लगेच तिचा चेहरा बदलला आणि ती खाली बघत म्हणाली, "मला राग दातांचा नाही आला एवढा. मला ते दापोडीचं वर्ष फार आवडलं होतं. एक खोली, एक बादली. मी कधी पडून असते ना तासन्‌तास, तेव्हा मी तिथंच जाते. तुझा शर्ट, ती खुंटी. आणि तू पाच वर्षं मला न विचारता त्यात विष कालवत बसलास. ते वर्ष माझंही होतं, सुगत. त्याला हात लावायचा नाही."

कोंबडी ओट्यापर्यंत येऊन परत गेली. त्याला वाटलं, आपण क्षमा मागितली पाहिजे. पण क्षमा मागणं म्हणजे पुन्हा आपल्याबद्दलच बोलणं झालं असतं. त्यानं तिच्या हातातलं रिकामं शहाळं घेतलं आणि शहाळंवालीकडून ते फोडून आणलं. मग दोघांनी मलई खाल्ली.

बुधवारी न्यूरॉलॉजिस्ट बाईंच्या हॉस्पिटलमध्ये खिडकीजवळची खुर्ची मिळाली. सलाइन लागलं. साडेतीन तास बसायचं होतं. अकराच्या सुमाराला एक तरुण संशोधक मुलगी आली. या आजाराच्या रुग्णांची माहिती जमवण्याचं काम चाललं होतं: कुठं वाढलात, काय खाल्लंत, कुठल्या रसायनांशी संबंध आला. भाग घेण्याची सक्ती नव्हती, आणि याचा राणीला स्वतःला काही उपयोग होणार नव्हता, हे तिनं दोनदा सांगितलं. राणीनं विचारलं, "किती लोक भरतायत?" मुलगी म्हणाली, "इथं फार नाहीत. पण बाहेरच्या देशांचे आकडे एकत्र केले की हजारांत जातील." राणीनं फॉर्म मांडीवर घेतला. चौऱ्याऐंशी प्रश्न होते. सुई डाव्या हाताला होती, उजवा मोकळा होता. चौतिसाव्या प्रश्नावर ती थांबली.

"घरातल्या कुणी सॉल्व्हंटबरोबर काम केलंय का," तिनं वाचलं. "सांग. काय काय होतं त्यात?"

सुगतचे कान तापले. "इथं?"

"मग कुठं?"

"टोल्युइन," तो म्हणाला. "झायलीन. कधी एमईके."

"स्पेलिंग घाल." तिनं फॉर्म त्याच्यासमोर धरला, त्यानं लिहिलं, तिनं परत घेतला. "किती वर्षं?"

"दोन वर्षं आठ महिने."

"त्यातलं माझ्याबरोबर?"

"चौदा महिने."

"रोज किती तास?"

"आठ. ऑर्डर असली की दहा."

"कपडे कोण धुवायचं, हातानं की मशीननं." तिनं वर पाहिलं. "असं विचारलंय खरंच. हुशार माणसं आहेत." आणि तिनं स्वतःच उत्तर लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. पाच वर्षं जे त्यानं छातीवर धोंड्यासारखं ठेवलं होतं, ते एका चौकटीत मावलं, आणि चौकटीत थोडी जागाही उरली. तो वाट बघत होता की आता काहीतरी होईल. राणीनं पान उलटलं.

पस्तिसावा प्रश्न लहानपणी घरात वापरलेल्या कीटकनाशकांचा होता. "हे बाबांना विचारायला हवं," ती म्हणाली आणि तिनं परभणीला फोन लावून स्पीकर सुरू केला. तिचे वडील बाबूराव हिवताप खात्यात फवारणी कामगार होते. पाठीवर पंप घेऊन त्यांनी तीस वर्षं गावोगाव घरांच्या भिंती फवारल्या होत्या. आता पंच्याहत्तरीला आले होते. जयभीम झाला, औषध लागलं का, जेवलीस का, सगळं झालं. मग तिनं प्रश्न विचारला. पलीकडून नुसता पंखा फिरल्याचा आवाज येत होता, म्हणजे फोन चालू होता.

"बाबा?"

"का गं?" बाबूरावांचा आवाज बारीक झाला होता. "त्याच्यानं झालं का हे?"

"नाही बाबा, नुसतं विचारतायत."

"मी आणायचो ती पावडर घरी. डब्यात उरलेली. ढेकूण फार झाले होते, तुझ्या खाटेखाली टाकायचो. तू खाली खेळायचीस गं. तुला हे दुखणं निघालं तेव्हापासून मला रोज आठवतं. तुझ्या आईला पण बोललो नाही. मी काय..." पुढचं बोलता आलं नाही.

राणीनं डोळे मिटले. तिचा हात फॉर्मवर तसाच राहिला, आणि त्या हाताकडं बघताना सुगतला कळलं, की या बाईला जीव लावणारं प्रत्येक माणूस आपापल्या घरात बसून आपापलं विष जपतंय. त्यानं तिच्या मांडीवरचा फोन उचलला.

"बाबा, मी सुगत. जयभीम. घाबरू नका. माझंही आत्ताच लिहून झालंय. चौतिसावा माझा होता, पस्तिसावा तुमचा आहे. अजून एकोणपन्नास राहिलेत."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "तुमचं काय होतं जावईबापू?" बाबूरावांनी विचारलं.

"थिनर. सांगेन सावकाश. तुम्ही आधी हिला वर्ष सांगा."

राणीनं डोळे उघडले. ते ओले होते, पण आवाज नकाशा तपासताना असतो तसा होता. "बाबा, रडू नका, आठवा," ती म्हणाली. "कुठल्या साली आणायला लागलात, महिन्यातनं कितीदा टाकायचात, आणि खाट कुठल्या खोलीत होती. मी लिहून घेतेय. सांगा."

आणि फोनवरून परभणीचं ते घर, एकेक खोली, बाबूराव सावकाश सांगू लागले.